सातव्या पानावरची शेळी

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या पुंजाराम विधात्यांची तृप्ती शेतीच्या कॉलेजात गेली, याचं गावात कुणाला काही वाटलं नाही. शिकून झाल्यावर शेतीच करणार म्हणाली, तेव्हा मात्र चारचौघांनी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं, पोरीचं बरं आहे ना म्हणून.

त्यात चारचौघांचं काही चुकलं नाही. खुद्द कॉलेजातसुद्धा हा प्रकार नवा होता. पहिल्याच दिवशी देवरे सरांनी वर्गातल्या साठ जणांना एकेक करून उभं केलं आणि पुढे काय करणार ते विचारलं. देवरे सर म्हणजे कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे विभागप्रमुख. बुटाला माती लागू नये म्हणून कॉलेजच्या प्रात्यक्षिक शेतावर ते फरशीच्या कडेकडेने चालत. मुलंही सरांना साजेशी होती. भाग्यश्रीला बँकेत जायचं होतं. ओम स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता आणि कॉलेजला त्याची अडचण होऊ देत नव्हता, म्हणजे येतच नव्हता. मनमाडच्या एकाने रेल्वेचा फॉर्म भरलेला होता. नांदगावच्या राजच्या वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं. परवान्याला घरात एक शेतीची डिग्री लागते, म्हणून ती आणायला त्यांनी मुलाला धाडलं होतं, जसं एखाद्याला दळण आणायला धाडावं.

तृप्तीची पाळी आली. ती म्हणाली, "शेती करणार सर."

"ते झालंच," सर म्हणाले. "पण करिअर काय?"

वर्ग हसला. तृप्तीही हसली, पण घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते. विधात्यांचा मळा अडीच एकरांचा. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. आप्पा, म्हणजे तिचे वडील, पिकवत आणि आई चंद्रभागा पहाटे टेम्पोत बसून माल फुलबाजारात नेत असे. या मळ्यावर घर उभं राहिलं होतं, दोन आत्यांची लग्नं झाली होती आणि तृप्तीची फीसुद्धा इथूनच जात होती. ज्या धंद्यावर हे कॉलेज चाललं होतं, तो धंदा सोडून बाकी सगळ्याला करिअर म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढची तीन वर्षं तिने मन लावून शिकण्यात घालवली. बाजारपेठेचं व्यवस्थापन ती शिकली, फळ्यावर. शीतगृहाचा नफा शिकली, ज्या सरांनी शीतगृह लांबून पाहिलं होतं त्यांच्याकडून. एकदा सहल निघाली तीही एका वायनरीत, तिथे मुलांनी द्राक्षांपेक्षा स्वतःचे फोटो जास्त काढले. तृप्ती मात्र सगळं वहीत उतरवून घेई आणि घरी आप्पांना सांगे. आप्पा हातातलं काम न थांबवता ऐकत. "लय भारी," एवढंच म्हणत. त्यांना ते खरंच भारी वाटत होतं. आपण तीस वर्षं झेंडू लावतो आणि झेंडूवर एवढं शिकण्यासारखं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

चौथ्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवाचं सत्र आलं. एक पीक निवडायचं, त्याचं नियोजन करायचं, लावायचं, विकायचं आणि रिपोर्ट द्यायचा. तृप्तीने आप्पांकडे विहिरीकडचे वीस गुंठे मागितले.

आप्पा विचार करून म्हणाले, "वीस गुंठे देतो. पण एक बोलू का? जमलं तर पुढच्या सालापासून मळ्याचं तू बघायचं. मी तुझ्या हाताखाली. आन् नाय जमलं, तर नोकरीचे फॉर्म भरायचे. तोंड वाकडं न करता."

"चालेल," तृप्ती म्हणाली. तिला वाटलं, मळा हातात आलाच.

झेंडू लावणाऱ्याची परीक्षा एकच असते, ती म्हणजे दसरा. फूल त्या दोन दिवसांत आलं तर सोनं, नाहीतर बांधावर टाकायला बरं. तृप्तीने बाजारातून तीन वर्षांचे भाव आणले आणि कोणत्या दिवशी झेंडू सर्वांत महाग विकला ते काढलं. एका वर्षी चोवीस ऑक्टोबर, पुढच्या वर्षी चौदा ऑक्टोबर, त्याच्या पुढच्या वर्षी चार ऑक्टोबर. हे सगळे दसऱ्याचे आदले दिवस. तिने तसं लिहिलंसुद्धा. सरांनी लाल पेनाने 'दसरा' हा शब्द खोडला.

"हे काय? आपण काय कीर्तन करतोय का? शास्त्रीय भाषा वापरा. 'सर्वोच्च मागणीचा कालबिंदू' असं लिहा."

तिने लिहिलं. एकदा दसरा गेला आणि कालबिंदू आला, की मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं कुणाला सुचणार? कालबिंदू काही कॅलेंडरात छापत नाहीत. कॉम्प्युटरवर तिन्ही तारखा टाकल्या तर रेघ अशी सरळ आली की पट्टीने ओढली असावी. दरवर्षी दहा दिवस अलीकडे. म्हणजे यंदाचा कालबिंदू चोवीस सप्टेंबर. सर ती रेघ बघून हरखले. हा हवामानबदलाचा परिणाम असल्याचं त्यांनी जागच्या जागी सांगितलं आणि त्यावर आपण एक शोधनिबंध लिहिणार असल्याचंही.

रिपोर्ट मराठीत लिहायचा होता, कारण तो शेतकऱ्यांपर्यंत पोचायला हवा, असं सरांचं म्हणणं. पहिल्या पानावर 'शेतकऱ्यांच्या हितार्थ' असं ठळक छापायचं होतं. वेळ वाचावा म्हणून सरांनी तिला मागच्या वर्षीच्या एका मुलाचा रिपोर्ट नमुना म्हणून दिला. तो शेळीपालनावर होता. "साचा तोच ठेवा, शेळी काढा आणि झेंडू घाला. निष्कर्षही आत्ताच लिहून ठेवा, नंतर धावपळ होते." तृप्तीने शेळी काढत काढत झेंडू घातला. एका ठिकाणी नजर चुकली. सातव्या पानावर एक शेळी राहून गेली. 'फुलोऱ्याच्या काळात शेळीस दिवसातून दोन वेळा स्वच्छ पाणी पाजावे,' असं ते वाक्य होतं. सरांनी त्या पानावर सही केली.

आता खरी गंमत ऐका. ज्या दिवशी तिने लागवडीची तारीख पक्की केली, त्याच दिवशी घरी पुरणाचा घाट होता. थोरल्या बहिणीचा, शुभांगीचा नवरा जेवायला यायचा होता. धोंड्याचा महिना चालू होता ना. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, तेव्हा जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. तृप्तीने जावयाच्या पंगतीला बसून चार धोंडे खाल्ले. वर साजूक तूप मागून घेतलं. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण महिनाभर लांब जातात, हे नाशकात शाळेतलं पोरही सांगेल. तृप्तीच्या तोंडात अधिक महिना होता आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर चोवीस सप्टेंबर. दोघांची गाठ पडली नाही.

लागवडही वेळेवर झाली नाही. रोपं तयार होती, सऱ्या तयार होत्या, पण शुभारंभाला पाहुणे हवेत असं कॉलेजचं म्हणणं पडलं. पाहुण्यांना सवड मिळेना. आठवडा गेला. शेवटी पाहुणे आले, त्यांनी एक रोप लावलं, तेही मुळाशी प्लॅस्टिकची पिशवी तशीच ठेवून. ते गेल्यावर आईने ते उपटून नीट लावलं.

तीन आठवड्यांनी आप्पांनी बांधापलीकडच्या दहा गुंठ्यांत झेंडू लावायला घेतला. तृप्तीला हसू आलं.

"आप्पा, उशीर झाला तुम्हाला. कालबिंदू निघून जाईल."

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "देवाला चार फुलं व्हतील."

तृप्तीच्या वीस गुंठ्यांत फूल आलं ते मात्र देखणं. गणपती गेले आणि दोन दिवसांत सगळं रान पिवळंधमक झालं. पहिल्या तोड्याच्या वीस जाळ्या, म्हणजे प्लॅस्टिकचे क्रेट, घेऊन ती स्वतः आईबरोबर फुलबाजारात गेली. रिपोर्टमध्ये लावायला फोटो काढायचा होता. बाजारात शुकशुकाट होता. व्यापारी जाळीकडे बघत आणि पुढे जात. हार करणारी कुसाबाई तेवढी थांबली. तिने एक फूल हातात घेतलं, दाबून बघितलं.

"फूल लय चांगलं हाय गं," ती म्हणाली. "पन ह्या दिवसांत कुठं आनलंस? पितरं चालू हायेत. पितरांना झेंडू कोन घालतं? दसऱ्याला अजून तीन आठवडे हायेत बाई. यंदा अधिक व्हता ना."

तृप्ती जाळीच्या कडेवर बसली. तीन तारखा, दहा-दहा दिवस, सरळ रेघ. चंद्राच्या हिशोबाने वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि मग ते पुन्हा पुढे ढकलायलाच तर हा महिना घालतात. हे तिला चौथीत असल्यापासून माहीत होतं. एवढी लाज तिला त्याआधी कधी वाटली नव्हती. वीस जाळ्यांतल्या चार कुसाबाईने घेतल्या, त्याही आईकडे बघून.

घरी आल्यावर ती थेट बांधावर गेली. आप्पा आपल्या झेंडूला माती लावत होते. त्यांच्या झाडांना आत्ता कुठे बारीक कळी दिसत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

आप्पांनी वर बघितलं. "काय?"

"अधिक महिना. म्हणून तुम्ही उशिरा लावला. मग मला सांगितलं का नाही?"

आप्पा खुरपं खाली ठेवून उभे राहिले. "मला वाटलं, कॉलेजनं धरलाच असंल. एवढी मोठी माणसं. तुझ्या कागदावर सरांची सही व्हती, शिक्का व्हता. त्याच्यावर मी काय बोलू? म्हटलं, आपलंच काय चुकत असंल तर चुकू दे. म्हणून दहाच गुंठे लावले."

तृप्तीला रडू आलं आणि रागही आला. राग सरांचा आला, त्याहून स्वतःचा आला. सगळ्यांत जास्त राग आला तो तीस वर्षं झेंडू लावणाऱ्या माणसाला एका शिक्क्यापुढे स्वतःचीच शंका आली याचा.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी देवरे सर पाहणीला आले. तोवर तृप्तीच्या वीस गुंठ्यांतली झाडं थकली होती, उरलं ते बोराएवढं फूल. आप्पांचे दहा गुंठे मात्र उभे पेटल्यासारखे दिसत होते. सर गाडीतून उतरले आणि साहजिकच जिथे फूल होतं तिथे गेले. त्यांनी तृप्तीला मधोमध उभं केलं, फोटो काढले.

"बघा, नियोजन म्हणजे हे," सर म्हणाले.

तृप्तीने तोंड उघडलं. मग तिला गुण आठवले, आठवं सत्र आठवलं. तिने तोंड मिटलं. एवढ्या एका गोष्टीसाठी तिला पुढे चार महिने झोप नीट लागली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवतो.

सर आप्पांकडे वळले. "पारंपरिक पद्धत सोडा आता. मुलीचं ऐका. शास्त्र काय असतं ते बघा तिच्याकडून."

"व्हय सर," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी सरांच्या गाडीत दसऱ्यासाठी एक जाळीभर फुलं ठेवली.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तृप्तीला 'उत्कृष्ट पीक नियोजन' असा सन्मान मिळाला. फाटकावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर ती हसत होती, मागे आप्पांचा झेंडू होता आणि अगदी कडेला आप्पांचं एक कोपर आलं होतं. बाकीचे आप्पा कापले होते.

बोली ती बोली. तृप्तीने तोंड वाकडं न करता नोकरीचे फॉर्म भरले. पुण्याची एक कंपनी कॉलेजात मुलाखतींना आली. ही कंपनी मोबाईलवरून शेतकऱ्यांना सल्ला देणार होती, कधी काय लावावं याचा. मुलाखत घेणारा तिच्याहून दोनचार वर्षांनीच मोठा असेल. त्याच्यासमोर तिचा रिपोर्ट होता. त्याने विचारलं, या कामात तुम्हाला काय अडचण आली?

आता मात्र तृप्ती गप्प बसली नाही. तिने सगळं सांगितलं. कालबिंदू, पितरं, आप्पांचे दहा गुंठे, फोटो. तो ऐकून खूश झाला.

"व्हेरी गुड. असा प्रामाणिकपणा आम्हाला हवा असतो," तो म्हणाला आणि तिच्या नावापुढे खूण केली.

"सर, तुमच्या ॲपमध्ये अधिक महिना धरलाय का?"

"तो काय असतो?"

तिने सांगितलं.

"इंटरेस्टिंग. पुढच्या आवृत्तीत टाकू," तो म्हणाला.

निवडीचं पत्र आलं त्या दिवशी आईने गल्लीत पेढे वाटले. अंबडला कंपनीत असलेला चुलतभाऊ योगेश मुद्दाम येऊन पत्राला हात लावून गेला. संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. तृप्ती जवळ जाऊन बसली.

"काम काय देणार?" आप्पांनी विचारलं.

"शेतकऱ्यांना सांगायचं, कधी काय लावायचं ते."

"किती शेतकऱ्यांना?"

"चाळीस हजार."

आप्पांनी मान वळवून मळ्याकडे बघितलं. समोर विहिरीकडचं ते वीस गुंठ्यांचं रान नांगरून पडलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "बोलीत मी हरले, ते मान्य आहे. तरी एक विचारते. अजून एकदा वीस गुंठे द्याल का?"

आप्पांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "तो तुझा रिपोर्ट आन बरं," म्हणाले.

तिने आणला. चकचकीत कव्हर, आत बासष्ट पानं. आप्पा सातवी शिकलेले. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून ते वाचायला बसले. त्या संध्याकाळी वाचलं, दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन वाचलं, मेथीला पाणी लावून बांधावर बसून वाचलं. आई दोनदा ओरडली. आप्पांनी पान उलटलं. तृप्ती आत-बाहेर करत होती. बोर्डाच्या निकालाला तिचा जीव असा खालीवर झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. रिपोर्ट मांडीवर उघडा होता आणि त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. चोवीस सप्टेंबरपुढे त्यांनी आपल्या वाकड्या अक्षरात 'पुढं लगेच पितरं' असं लिहिलं होतं.

"हे सातवं पान," आप्पा म्हणाले. "ही शेळी कुठून आली?"

तृप्तीने वाकून बघितलं. फुलोऱ्याच्या काळात शेळीस दिवसातून दोन वेळा स्वच्छ पाणी. ती बघतच राहिली. देवरे सरांनी या पानावर सही केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुण दिले होते. सन्मान देणाऱ्यांनी हा रिपोर्ट हातात धरून फोटो काढला होता, पुण्याच्या कंपनीने यावरून तिला निवडलं होतं. शेळी वर्षभर तिथेच उभी होती आणि कुणाला दिसली नव्हती. कारण बासष्ट पानं आजवर कुणी वाचलीच नव्हती. शेतकऱ्यांच्या हितार्थ लिहिलेला तो रिपोर्ट तिने स्वतःसुद्धा घरातल्या शेतकऱ्याला कधी वाचायला दिला नव्हता.

"तू मला वाचायला दिला असता," आप्पा म्हणाले, "तर आखाडातच सांगितलं असतं. शेळीचंबी आन् पितरांचंबी."

"चुकलं माझं," तृप्ती म्हणाली.

"माझंबी चुकलं. शिक्का बघून गप बसलो." आप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पुण्याचं तुझं तू ठरव. पन हितं ऱ्हायचं असंल, तर औंदाचं काय ते लिहून काढ. आन् आधी मला दे. मी वाचल्याबिगर एक रोप लावायचं नाय. खाली सहीबी माझीच पायजे."

"म्हणजे वीस गुंठे देताय?"

आप्पांनी रिपोर्ट मिटून तिच्या हातात दिला आणि खुरपं उचललं. "वीसनं काय व्हतंय? पुरता एक एकर घे," ते म्हणाले. "फक्त शेळी नको."